सह्याद्रीत हॅमॉकवर मुक्काम: साहित्य आणि बांधणी

हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायची कापडी झोळी, घेऊन मुक्कामाला जावे असे मनात आले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गडाचा माथा, कड्याची धार आणि खाली पसरलेले कोकण उभे राहते. प्रत्यक्षात सह्याद्रीचे बरेचसे माथे या साधनाच्या दृष्टीने निरुपयोगी आहेत. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर किंवा कासच्या सड्यावर चार मीटर अंतरावरची आणि माणसाचे वजन पेलतील अशी दोन झाडे शोधायला निघालेल्याची संध्याकाळ वाया जाते. कातळावर मातीचा थर इतका पातळ असतो की गवत आणि खुरटी झुडपे यांपलीकडे तेथे फारसे काही तग धरत नाही. झाडे आहेत ती घाटउतारांवर, ओढ्यांच्या काठाने, गडाच्या पायथ्याच्या गावांभोवती आणि कोकणातल्या वाड्यांमध्ये. म्हणून माझ्या मते हॅमॉक हे पायथ्याचे साधन आहे आणि ते विकत घेण्याचा विचार याच गृहीतकापासून सुरू व्हायला हवा. माथ्यावरच राहायचे असेल तर तंबू न्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

झाडांच्या या पट्ट्यात मात्र तंबूला जे जमत नाही ते हॅमॉकला जमते. उतार, मुळे, दगडधोंडे, ओल यांची फिकीर राहत नाही, कारण पाठ जमिनीला लागतच नाही. जमिनीपासून अंतर राखण्याचा आणखी एक फायदा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. मण्यार हा अतिविषारी साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो आणि त्याचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. टांगलेल्या झोळीत हा धोका बराच कमी होतो. विंचवांचेही तेच. तरीही बूट खाली काढून ठेवले असतील तर सकाळी ते झटकल्याशिवाय पायात घालू नयेत.

जागेबद्दल एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना, चांदोली, राधानगरी येथील संरक्षित जंगलांत मनाला येईल तेथे रात्र काढता येत नाही. वनखात्याचे नियम पाळावे लागतात आणि ते पाळण्यामागे गवा, अस्वल आणि बिबट्या ही सबळ कारणेही आहेत. देवराईत हॅमॉक बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जेथे वाळलेली काटकीसुद्धा उचलायची नाही असा गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक आहे, तेथे खोडाला पट्टे आवळून झोपणे शोभत नाही. मेअखेरीस भंडारदरा परिसरात काजव्यांनी लगडलेल्या झाडांनाही हाच न्याय लावावा. याउलट गावातल्या शेतकऱ्याला विचारले, तर त्याच्या बांधावरची किंवा परसातली दोन झाडे सहसा नाकारली जात नाहीत. त्याच्याकडे जेवण सांगावे आणि जागेचेही काही पैसे द्यावेत.

आता झाडांविषयी. परदेशी माहितीपत्रके आणि चित्रफिती ओक, पाइन, मॅपल यांच्या जंगलात बनवलेल्या असतात आणि त्यांत ‘दोन मजबूत झाडे निवडा’ एवढ्यावर विषय संपतो. आपल्याकडे मात्र झाड ओळखणे हा बांधणीचा अर्धा भाग आहे. खोड किमान मांडीइतके जाड असावे आणि झाड जिवंत असावे, हा पहिला निकष. जांभूळ, हिरडा, ऐन, जुना आंबा ही भरवशाची झाडे. सागाचे खोड सरळसोट असल्यामुळे पट्टा छान बसतो, पण उन्हाळ्यात त्याची सावली शिल्लक राहत नाही. महाबळेश्वर-माथेरानच्या जंगलातली अंजनी लाकडाने चिवट असते, मात्र तिची खोडे पुष्कळदा बारीक आणि वाकडी असतात, तेव्हा निवड करूनच बांधावे. शेवगा आणि पांगारा यांच्या वाटेला जाऊ नये, कारण ही लाकडे ठिसूळ असतात. काटेसावरीचे काटे तर पट्ट्याचेच नुकसान करतात. बिब्ब्याचा चीक अंगाला लागल्यास फोड येतात, म्हणून ते झाड ओळखता येईपर्यंत अनोळखी खोडाला मिठी मारण्याची घाई करू नये. उन्हाळ्याच्या तोंडाशी आसपास खाजकुयलीच्या सुकलेल्या शेंगा लोंबत नाहीत ना, हेही पाहावे.

कोकणात निवड आणखी अवघड होते. नारळाचे खोड वजन सहज पेलते, पण वरून नारळ किंवा झावळी पडली तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. पोफळ दिसायला सरळ असली तरी बारीक असते आणि ताण पडताच वाकते. काजूचे लाकूड कमकुवत आणि फांद्या जमिनीलगत पसरलेल्या. हापूसच्या कलमांचेही खोड आखूड असते, त्यामुळे हवी ती उंची मिळत नाही. रायवळ आंब्याचा जुना वृक्ष मात्र उत्तम. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात झाडांमधले अंतर बरेचदा अगदी हवे तसे मिळते, पण समुद्राकडच्या पहिल्या रांगेतल्या झाडांची मुळे लाटांनी उघडी पडलेली असतात. ती सोडून आत जावे.

झाड ठरले की मान वर करून पाहणे हे सर्वांत महत्त्वाचे काम असते. वाळलेली, अडकून राहिलेली फांदी, आग्या मोहोळ, पावसाळी रानात फांदीवर निवांत पडलेला चापडा हा विषारी साप, यांपैकी काहीही दिसले तर जागा बदलावी. मोहोळाच्या आसपास धूर करणे किंवा उग्र अत्तर लावून जाणे म्हणजे संकटाला आमंत्रण. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसाची शक्यता असेल तेव्हा हॅमॉकचा बेत रद्दच करावा, कारण सोसाट्याच्या वाऱ्याने मोडणाऱ्या फांद्या आणि विजा या दोन्हींपुढे झाडाला टांगून घेतलेल्या माणसाजवळ कसलाही उपाय नसतो.

साहित्य घेताना लोक प्रथम हॅमॉकचे कापड आणि त्याचा रंग पाहतात. माझ्या मते पहिला विचार पट्ट्यांचा व्हायला हवा. बरोबर येणारी बारीक नायलॉनची दोरी परत पिशवीत टाकावी. बारीक दोरी सालीत रुतते आणि सालीखालच्या ज्या थरातून झाडाचे अन्न वाहते तो थर चेपते. शिवाय नायलॉन ताणले जाते, त्यामुळे रात्री झोपताना खुर्चीइतक्या उंचीवर असलेली पाठ पहाटे जमिनीला टेकते. पट्टा पॉलिएस्टरचा, किमान २५ मिलिमीटर रुंद असावा. मऊ सालीच्या झाडांसाठी ५० मिलिमीटरचा अधिक बरा. लांबी प्रत्येक बाजूला तीन मीटरच्या आसपास असली की जुन्या आंब्याच्या घेरालाही तो पुरतो. ओळीने फासे शिवलेले पट्टे नवशिक्याला सोपे जातात, कारण कॅरॅबिनर, म्हणजे झडपेचा धातूचा आकडा, एका फाशातून काढून दुसऱ्यात अडकवला की उंची बदलते. ज्यांना वजन वाचवायचे आहे ते बकल असलेले साधे पट्टे किंवा डायनीमा या कृत्रिम धाग्याच्या सरकत्या दोऱ्या वापरतात. या दोऱ्या पोलादी तारेसारख्या बळकट असल्या तरी थेट झाडाला बांधायच्या नसतात; झाडाला पट्टा आणि पट्ट्याला दोरी, असाच क्रम ठेवावा. कॅरॅबिनरवर किलोन्यूटनमध्ये भारक्षमता कोरलेली असायला हवी. किल्ल्यांच्या जुडग्याला लावायचे रंगीत आकडे दिसायला तसेच असतात, पण माणसाचे वजन पेलण्यासाठी ते बनवलेलेच नसतात.

पट्ट्यांवर एवढा भर देण्याचे कारण ताणाच्या गणितात आहे. हॅमॉक सरळ आणि घट्ट ताणले की ते अधिक आरामदायी होईल, असा समज जवळजवळ सार्वत्रिक आहे. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर ७० किलो वजनाच्या माणसामुळे प्रत्येक पट्ट्यावर साधारण ७० किलोचाच ताण येतो. हाच कोन १० अंशांवर आणला तर ताण २०० किलोपर्यंत जातो आणि ५ अंशांवर तो ४०० किलोच्या पुढे सरकतो. म्हणजे हॅमॉक ताठ दिसावे म्हणून आपण खोडावर, शिवणीवर आणि आकड्यांवर पाचसहा पटींचा भार टाकत असतो, आणि त्यातून मिळते काय, तर दोन्ही खांदे आत आवळणारे, थोडे हलताच उलटणारे अंथरूण. ३० अंश मोजायला यंत्र लागत नाही. अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणून अंगठा उभा, तर्जनी आडवी धरावी. दोन्ही टोकांना जोडणारी कल्पित रेषा साधारण त्याच कोनात असते. पट्टा त्या रेषेला समांतर दिसला की झाले. ऊसतोड कामगारांच्या फडावर झाडाला बांधलेली तान्ह्या मुलाची लुगड्याची झोळी निरखून पाहिली, तर तीही अशीच सैल आणि खोल असते.

अंतर आणि उंची यांचा हिशेबही या कोनातूनच निघतो. बसल्यावर हॅमॉकचा तळ जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर, म्हणजे खुर्चीच्या उंचीवर यावा. त्याहून उंच बांधण्यात शौर्य नाही, पडल्यावर लागते एवढेच. ३.३ मीटर लांबीच्या हॅमॉकसाठी झाडांत ४.५ मीटर अंतर असेल तर पट्टा खोडावर सुमारे १.८ मीटर उंचीवर बांधावा लागतो. अंतर ३.६ मीटर असेल तर १.५ मीटरच्या आसपास पुरते. अंतर सहा मीटर झाले की पट्टा सव्वादोन मीटरवर न्यावा लागतो, तेथे हात नीट पोहोचत नाही. म्हणून साडेतीन ते पाच मीटर हे सोयीचे अंतर. रानात ते सहा पावलांनी मोजता येते, फक्त आपले पाऊल किती लांबीचे आहे हे घरी एकदा तपासून ठेवावे.

आता कापडाकडे वळू. दोन्ही टोकांना आडव्या लाकडी दांड्या असलेला जाळीदार झोपाळा बागेत शोभतो, मुक्कामाला नव्हे. तो सहज उलटतो. टोके चुणून बांधलेले, साध्या आयताकृती कापडाचे हॅमॉक घ्यावे. बाजारात एक माणूस की दोन माणसे अशी विभागणी करून रुंदी वाढवत नेलेली असते, पण झोपेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती लांबी. सरासरी उंचीच्या माणसाला ३ मीटर चालते, उंच माणसाने ३.३ मीटर शोधावे. दोघांचे म्हणून विकल्या जाणाऱ्या हॅमॉकमध्ये दोघे बसू शकतात. दोघांनी त्यात रात्र काढण्याचा विचार करू नये. कापड चौकटीच्या विणीचे, म्हणजे रिपस्टॉप नायलॉन असावे, ज्यात लहान फाट पुढे पसरत नाही.

लांबी का हवी, तर आडवे होण्याच्या पद्धतीमुळे. हॅमॉकमध्ये मधल्या रेषेवर झोपले तर शरीर केळ्यासारखे वाकते आणि कंबर दुखते, आणि मग हे प्रकरण आपल्यासाठी नाही असा निष्कर्ष काढला जातो. डोके मधल्या रेषेच्या एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला, असे १५ ते २० अंश तिरके झोपले की कापड पाठीखाली जवळजवळ सपाट होते. अशा स्थितीत कुशीवरही वळता येते. पायांकडचे टोक डोक्याच्या टोकापेक्षा १५-२० सेंटिमीटर उंच बांधावे, नाहीतर जड धड रात्रभर पायांकडे घसरत राहते. कापडाचा खोलगटपणा दर मुक्कामाला सारखा राहावा म्हणून दोन टोकांमध्ये एक न ताणणारी दोरी कायमची बांधून ठेवतात; तिला रिजलाइन म्हणतात. तिची लांबी हॅमॉकच्या लांबीच्या सुमारे ८३ टक्के ठेवावी: ३ मीटरच्या हॅमॉकला अडीच मीटर, ३.३ मीटरच्या हॅमॉकला पावणेतीन. झाडे थोडी जवळ-लांब मिळाली तरी या दोरीमुळे झोपेची बैठक बदलत नाही. चष्मा, हेडटॉर्च, पाण्याची लहान बाटली अडकवायलाही तीच कामी येते.

थंडीचा प्रश्न आपल्याकडे सर्वांत कमी गांभीर्याने घेतला जातो. हॅमॉकमध्ये पाठीखालून वारा खेळतो, आणि स्लीपिंग बॅगचा अंगाखाली दबलेला भाग उबेच्या कामाचा राहत नाही, कारण ऊब धरणारी हवाच त्यातून निघून गेलेली असते. परिणामी हवा २० अंश सेल्सियसच्या खाली गेली की कंबरेला गारवा जाणवू लागतो. डिसेंबरात कोकणातली रात्रसुद्धा त्याखाली जाते. महाबळेश्वरला तर वेण्णा तलावाकाठी कधीकधी दवबिंदू गोठतात. जाड स्लीपिंग बॅग हा यावरचा उपाय नाही. हॅमॉकच्या बाहेरून, खाली अलगद लागून टांगलेली रजई, म्हणजे अंडरक्विल्ट, हा खरा उपाय. ती दबत नसल्यामुळे तिच्यातली हवा टिकून राहते. ती महाग असते. तिच्याऐवजी ट्रेकिंगची कॅरीमॅट चालते, पण एका थराच्या हॅमॉकमध्ये ती रात्रभर निसटत राहते आणि ५० सेंटिमीटर रुंदीची असल्याने खांदे उघडे पडतात. म्हणून मॅट वापरायची असेल तर दुहेरी कापडाचे हॅमॉक घेऊन ती दोन थरांच्या मध्ये सरकवावी. घोंगडीही नाकारू नये. लोकर दाट विणलेली असल्यामुळे अंगाखाली दबूनही बरीच ऊब टिकवते, आणि गाडीरस्त्यालगतच्या मुक्कामाला तिच्या वजनाची अडचण नसते. स्लीपिंग बॅगमध्ये शिरून झोळीत वळवळत बसण्यापेक्षा तिची चेन फक्त पायांपुरती लावून ती पांघरुणासारखी अंगावर घ्यावी.

जागेची निवडही इथे मदत करते. हिवाळ्यात रात्री गार, जड हवा उतारावरून खाली येऊन ओढ्यात आणि धरणाकाठच्या सखल जागी साचते. तेथून थोडे वर, वाऱ्याच्या आड बांधले तर फरक स्पष्ट जाणवतो.

पावसासाठी टार्प, म्हणजे वर ताणून बांधायचे जलरोधक कापड. घरची ताडपत्री जड असते, पण गाडीतून नेता येत असेल तर पहिल्या प्रयोगाला पुरेशी आहे. विकत घ्यायचा असेल तर लांबी पाहावी: टार्पची कड हॅमॉकच्या दोन्ही टोकांपलीकडे किमान १५ ते ३० सेंटिमीटर जायला हवी, म्हणजे सुमारे साडेतीन मीटर लांबीचा टार्प हवा. कर्णावर टांगायचे छोटे चौकोनी टार्प वजनाला हलके असले तरी आपल्या तिरक्या पावसात अपुरे पडतात. सिलिकॉनचा लेप दिलेले नायलॉन भिजले की सैलावते आणि मध्यरात्री उठून दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. तसाच लेप दिलेले पॉलिएस्टर फारसे सैलावत नाही, म्हणून मी त्याच्या बाजूने आहे. टार्प हॅमॉकपासून स्वतंत्र दोरीवर बांधावा. अंगाच्या वजनाने पट्टे आवळले जातात आणि हॅमॉक थोडे खाली येते, तेव्हा टार्पची उंची झोपून पाहिल्यानंतर पक्की करावी. खोडावरून ओघळणारे पाणी पट्ट्यावरून थेट हॅमॉकमध्ये येते. पट्ट्यावर टार्पच्या आत एक सुती दोऱ्याचा तुकडा लोंबता बांधला की पाणी त्यावरून खाली ठिबकते.

खुंट्यांचे काय? जांभ्यात त्या शिरत नाहीत आणि वाळूत त्या टिकत नाहीत. कातळावर दोरी मोठ्या दगडाभोवती गुंडाळावी आणि वाळूत एक जाड काटकी आडवी पुरून तिला दोरी बांधावी. गाठींच्या बाबतीत एकच तत्त्व सांभाळावे: जी गाठ सकाळी गारठलेल्या बोटांनी सोडायची आहे तिचा शेवटचा वेढा सुरगाठीचा असावा. अंगाचे वजन रात्रभर पेललेली निरगाठ सुटत नाही, ती कापावी लागते. टार्पची मुख्य दोरी ताणायला ट्रकवरचा माल आवळताना फास घालून दोर ओढतात ती पद्धत उत्तम. ती हमालांकडून शिकता येते.

एवढे सगळे असले तरी ऐन पावसाळ्यात घाटमाथ्यावर हॅमॉकचा मुक्काम करू नये, असे मला वाटते. आंबोली किंवा कोयनेच्या रानात जुलैमध्ये पाऊस आडवा येतो, ढग टार्पखालूनही वाहतात आणि उतरताना पायांची वाट पाहत जळवा असतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ या मुक्कामासाठी खरा.

मच्छरदाणी हा ऐच्छिक भाग समजू नये. ती हॅमॉकला शिवलेली असेल तर सोयीची, वेगळी असेल तर पूर्ण हॅमॉकभोवती मोज्यासारखी चढणारी घ्यावी, कारण डास एकपदरी कापडातून पाठीलाही चावतात आणि वरून पसरलेली जाळी तेथे काहीच करत नाही.

उभारणीचा क्रम हवामान पाहून ठरवावा. आभाळ भरून आले असेल तर टार्प आधी, म्हणजे बाकीचे सामान कोरड्यात उघडता येते. निघतानाही तो सर्वांत शेवटी उतरवावा. हॅमॉक बांधल्यावर प्रथम दोन्ही हातांनी जोर देऊन पाहावे, मग मधोमध बसावे, थोडे हेलकावे घ्यावेत आणि त्यानंतरच पाय वर घ्यावेत. बांधणी उजेड असतानाच पूर्ण करावी. एकाखाली एक हॅमॉक बांधण्याची हौस छायाचित्रापुरतीही नको.

वजनाचा अंदाज द्यायचा तर हॅमॉक अर्धा किलो, पट्टे व कॅरॅबिनर तीनचारशे ग्रॅम, टार्प आणि त्याच्या दोऱ्या पाऊण किलो, जाळी पाव किलो आणि अंडरक्विल्ट अर्धा ते पाऊण किलो धरावी. म्हणजे सारे मिळून एका साध्या तंबूइतकेच ओझे होते; हॅमॉक नेल्याने सॅक हलकी होते असे सांगणारा माणूस बहुधा फक्त कापडाचे वजन सांगत असतो. पैसे मर्यादित असतील तर ते पट्टे, टार्प, पाठीखालची ऊब आणि शेवटी कापड, या क्रमाने खर्च करावेत. स्वस्त कापडावर चांगल्या पट्ट्यांच्या आधाराने नीट झोप लागते, उलट मात्र होत नाही.

परतल्यावर टार्प ओला असेल तर तो त्याच दिवशी गॅलरीत, उन्हाच्या झळीपासून दूर, वाळत घालावा. ओला गुंडाळून ठेवलेल्या टार्पवर बुरशी येते आणि पॉलियुरेथेनचा लेप असेल तर तो चिकट होऊन सुटू लागतो. पट्ट्यांना लागलेला चीक कोमट पाण्याने काढावा, कडा उसवल्या आहेत का ते बोटांनी चाचपून पाहावे, आणि उसवलेला पट्टा सामान बांधायला वेगळा काढून ठेवावा.